गेटच्या आतला देश

आमच्या घरात परराष्ट्रमंत्री एकच, माझा नवरा बजरंग. खरं तर राज्यशास्त्र मी शिकवते, शेवगावच्या ज्युनियर कॉलेजात, पण घरी मला विचारतो कोण! टीव्हीवर लांबच्या दोन देशांचं युद्ध लागलं की हा मांडी ठोकून बसतो आणि निकाल देतो, "आपन कशाला पडायचं कुनाच्या भांडनात? तटस्थ ऱ्हायचं. आपलं आपन बरं."

तीच अक्कल त्यानं गावात लावली. ग्रामपंचायतीला त्याचे दोन चुलतभाऊ, आबासाहेब आणि सहादेव, एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि भावकी मधोमध फाटली. बजरंगनं कुणाचीच बाजू घेतली नाही. इथवर मला पटलं होतं. पण पुढं आबासाहेबाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, कारण सहादेवला राग येईल. सहादेवचा बाप वारला तेव्हा मातीला गेलो नाही, कारण आबासाहेबाला राग येईल. अंगणाला लोखंडी गेट बसवलं, आतून कडी घातली. कुणाचा फोन आला तरी उचलेना.

"अहो, ही तटस्थता नव्हे," मी एकदा चिडून म्हटलं. "तटस्थ देश दोन्हीकडं राजदूत ठेवतो, दोघांच्याही जखमींना औषधं पाठवतो. भांडण मिटवायचं झालं तर दोघं त्याच्याच घरी येऊन बसतात. तुम्ही करताय त्याला अलगतावाद म्हणतात. दार लावून आत बसायचं, बाहेर कुणी मरो."

तो हसला. "मास्तरीनबाई, वर्ग उद्या हाय तुमचा."

सासूबाई, झुंबरबाई, कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बजरंगा, मला न्यायला चार खांदे लागतील. ते काय तुज्या टीव्हीतनं येनार हायेत का?"

"तुला काय हुतंय गं आये!"

चार खांद्यांचं हे त्या वरचेवर म्हणत. शनिवारी मात्र गेटची कडी काढायला लावायच्या. मारुतीला जायचं असे, आणि देवापुढं बजरंगचं काही चालत नसे. सकाळी गेलेली बाई दुपार कलली की परतायची.

"मारुतीसंगं एवढ्या काय गप्पा मारती?" तो चिडवायचा.

"लई बोलायचं साचतं," त्या म्हणायच्या आणि पाय धुवायला जायच्या.

परवा सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या उठल्याच नाहीत. हात गार लागला. बजरंग लहान पोरासारखा रडला, आणि रडता रडता एकदम थांबला.

"सुकन्या, कोन येईल गं?"

आमच्याकडं तिरडी बांधायची ती भावकीनं आणि खांदा द्यायचा तोही भावकीनं. पोटचा पोरगा मडकं धरून पुढं चालतो. बजरंगनं मोबाईल काढला, नावं वरखाली केली आणि शेवटी शेवगावच्या एका टेम्पोवाल्याला फोन लावला. आईला टेम्पोत घालून न्यायची!

रडणं भिंतीपलीकडं ऐकू गेलं असणार. टेम्पोच्या आधी गेट वाजलं. बाहेर आबासाहेब उभा, खांद्यावर बांबू. त्याच्या मागं सहादेव, हातात सुतळी आणि मडकं. दोघांच्या मागं दोघांची माणसं. एका हॉटेलात चहा न पिणारे हे दोघे आमच्या अंगणात समोरासमोर बसले आणि तिरडी बांधायला लागले. बजरंगचा हात कडीवर तसाच राहिला होता.

आबासाहेबाची बायको सविता सासूबाईंच्या पायाशी कोसळली. "आत्याबाई, आता शनवारी कुनाची वाट बघू? मारुतीचं झालं की थेट आमच्याकडं यायच्या हो!"

सहादेवनं सुतळीवरून मान वर केली. "थेट आमच्याकडं यायची ती. बा गेला तवा सावडायला बी आल्ती."

"आदी आमच्याकडं," सविता म्हणाली.

"आमच्याकडं आदी."

सगळ्या गावाला ठाऊक होतं! आमच्या गेटच्या आत तेवढं ते आलं नव्हतं. वर्गात मी ज्याच्या व्याख्या फळ्यावर लिहिते ते माझ्याच घरात शेंगा फोडत बसलेलं होतं आणि मला पत्ता नाही.

पुढचे दोन खांदे आबासाहेब आणि सहादेवचे होते. बजरंग मडकं धरून चालला. तिरडी बांधताना, उचलताना, नेताना, कुणीही त्याच्याशी अवाक्षर बोललं नाही.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकरी येते, कडू घास म्हणतात त्याला. मसणवाट्यातून परतताना दोघांची माणसं आमच्या गेटपर्यंत आली आणि तिथूनच दोन बाजूंना गेली. बजरंगनं गेट सताड उघडं ठेवलं. मी ताटं घासून पालथी घातली होती. दिवेलागण झाली. कुणी आलं नाही.

"तिच्यासाठी आल्ते," तो म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

मग तो उठला, चपला घालून गेटपर्यंत गेला. डावीकडं आबासाहेबाचं घर, उजवीकडं सहादेवचं. दोन्हीकडं ओट्यावर दिवा. त्याचं पाऊल कुठंच वळेना.

"सुकन्या," त्यानं मागं न वळता विचारलं, "आई आदी कुनाकडं जायची गं?"

मला माहीत नव्हतं. ते सासूबाईंनी कुणालाच कळू दिलं नव्हतं.