जांभळ्या गिटारीचा निकाल

बँडमधले लोक त्याला जज्जसाहेब म्हणत, कारण गिटार दिसली की तो निकाल द्यायचा. लाल गिटार बढाईखोरांची. टोकदार शिंगांची गिटार, ज्यांना वाजवता येत नाही त्यांची. चमकीचा रंग म्हणजे खालच्या लाकडाची पापं झाकायची सोय. आणि हलकी गिटार तर गिटारच नव्हे. "खांद्याला कळलं नाही, तर कानाला काय कळणार?" हे त्याचं वाक्य ड्रमवाल्याने तालमीच्या खोलीत भिंतीवर रंगवून घेतलं होतं.

इतकी वर्षं खांद्याला कळत आलं. आता डावा हात कानाच्या वर जाईना. "हलकी गिटार घ्या, नाहीतर वाजवणं सोडा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण हे फक्त बायकोला माहीत. बँडला त्याने सांगितलं, जुनीचा कंटाळा आला. झालं! जज्जसाहेब बायकोला घेऊन खरेदीला निघाले म्हटल्यावर ड्रमवाला आणि कीबोर्डवाली शिकायला म्हणून सोबत निघाली.

ती दोघं दुकानात पुढे रेंगाळली, तेवढ्यात त्याने भिंतीवरची चमचमती जांभळी गिटार उतरवली. चांगली दोन शिंगांची. सहज, गंमत म्हणून. पट्टा खांद्यावर टाकला आणि काहीच झालं नाही. गळ्यात गिटार आहे की टॉवेल, समजेना. तार छेडली तर असा भरलेला, गोड आवाज निघाला की त्याला गिटारीचा रागच आला.

"हीच घे," बायको हळूच म्हणाली.

"अगं, हिला शिंगं आहेत."

"तुला टोचतायत का? मग राहू देत की."

हो म्हणायला त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात मागून ड्रमवाला खिदळला. "वहिनी, वाईट गिटार कशी ओळखायची ते दाखवतायत साहेब तुम्हाला! होऊ दे हो निकाल!"

कीबोर्डवालीने फोन काढून शूटिंगच सुरू केलं.

उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करणं भाग होतं. "ऐका," तो म्हणाला, "किती पोकळ आवाज आहे."

दुकानदाराने गिटार काढून घेतली. बायको रस्त्यावरची रहदारी बघत राहिली.

मग एक तपकिरी आली, न्हाणीघराच्या दाराइतकी साधी. ड्रमवाल्याने ती दोन्ही हातांनी तोलली. "हलकी वाटते हो, साहेब."

"आत एक आहे," दुकानदार म्हणाला, "पण ती कोणी घेत नाही. फार जड."

सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

"आणा," जज्जसाहेबांनी फर्मावलं.

ती खांद्यावर चढली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कीबोर्डवालीने ते अगदी जवळून टिपलं. पाकीट डावीकडे मागच्या खिशात होतं. त्याने हात मागे न्यायचा प्रयत्न केला. हात गिटारीच्या दांड्यावर होता, तिथेच राहिला.

"काय माणूस आहे!" ड्रमवाला गहिवरला आणि त्यानेच ते पाकीट ओढून काढलं. "सोडवत नाही बघा हातातून."