घुशीची विहीर

बियाणं तपासायच्या त्या प्रयोगशाळेत एक जुना नियम होता. प्रत्येक नमुन्याचे चारशे दाणे ओल्या कागदावर उगवायला ठेवायचे, शंभराचा एक असे चार ट्रे करायचे, आणि आठव्या दिवशी चौघांनी एकेक ट्रे मोजायचा. नीट उगवलेले किती, वेडेवाकडे किती, कुजलेले किती. खाली चार सह्या.

कधीतरी साहेबांना बैठक होती म्हणून त्यांचा ट्रे ताईकडे आला. मग गोदाम सांभाळणाऱ्या मामांचा चष्मा घरी राहिला. मग पाकिटांवर नंबर घालणाऱ्या गप्पीला महत्त्वाचा फोन आला. तीन वर्षांत चारही ट्रे ताईच्या टेबलावर कायमचे राहायला आले. सह्या मात्र चारच्या चार होत राहिल्या.

ताईची त्याबद्दल तक्रार नव्हती. मोजायला तिला आवडायचं. तिला घोर होता तो रजेच्या अर्जाचा. धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, आणि ताईला फक्त दहा दिवस हवे होते. अर्ज तीन आठवडे साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली पडून होता.

“अहो ताई, तुम्ही गेलात की आपली टीम विस्कटते,” साहेब म्हणाले. “त्यापेक्षा असं करा, वार्षिक कार्यक्रमासाठी एक छोटी गोष्ट लिहा. एकजुटीवर. तात्पर्य ठसठशीत पाहिजे हं. मग रजेचंही बघू.”

ताईने मन लावून गोष्ट लिहिली आणि जेवणाच्या सुट्टीत मामांना आणि गप्पीला वाचून दाखवली. रानात पाणी आटतं. पोपट, खार, कासव आणि घूस विहीर खणायचं ठरवतात. पोपट जागा दाखवतो. खार सगळ्यांचा उत्साह वाढवते. कासव मातीवर लक्ष ठेवतं. घूस खणते. पाणी लागतं. तात्पर्य, एकजुटीने अवघड कामही सोपं होतं.

मामांनी डब्याचं झाकण लावलं. “कुणाला सोपं झालं?”

“म्हणजे?”

“अगं, विहीर तर घुशीनं एकटीनंच खणली की!”

“आणि ती बडबडी खार म्हणजे मीच ना?” गप्पीने डोळे बारीक केले. “राहू दे, कळतं मला.”

ताई चपापली. तिच्या मनात खरंच तसं काही नव्हतं. दुपारी तिने गोष्ट तपासायला घेतली, तेही तिला येत होतं त्याच पद्धतीने. दर वेळी एकच प्राणी वगळायचा आणि काय होतं ते पाहायचं. कासव वगळलं, विहीर झाली. खार वगळली, विहीर दोन दिवस आधी झाली. पोपट वगळला तेव्हा घुशीने सावलीतली जागा निवडली. घूस वगळली, आणि गोष्ट पहिल्याच ओळीत थांबली.

संध्याकाळी तिने हे सगळं जसंच्या तसं साहेबांना सांगितलं.

साहेब खूश झाले. “मग झालं की! घुशीला सोडायचंच नाही. हेच आपलं तात्पर्य!”

“तसा निष्कर्ष निघत नाही, साहेब,” ताई हळूच म्हणाली. “बाकीचे तिघे कसे खणतात, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. निरीक्षणाशिवाय कसं बोलणार?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग काचेखालच्या अर्जाकडे. “निरीक्षणाला साधारण किती दिवस लागतील?”

“दहा.”

साहेबांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी अर्ज ओढून सही ठोकली.

आठव्या दिवशी ताई बहिणीच्या घरी होती. चार दिवसांच्या भाचीच्या पायांची बोटं तिने दुसऱ्यांदा मोजली, आकडा जुळला, आणि फोन वाजला.

“ताई,” मामा म्हणाले, “मूळ आहे पण पान नाही. नीट म्हणू की वेडावाकडा?”

“वेडावाकडा.”

“मी म्हटलं नव्हतं?” मागून गप्पी ओरडली. “ऐकतंय कोण माझं!”

मग साहेबांचा आवाज आला. “अहो, माझ्या ट्रेमध्ये ब्याण्णव नीट, मामांच्यात चौऱ्याहत्तर. एकाच पोत्यातलं बी ना हे?”

“फरक फारच आहे, साहेब. नमुना पुन्हा लावावा लागेल.”

“पुन्हा?” साहेबांच्या आवाजातली हवाच गेली. “माझी तर आत्ताच मान धरलीय. आणि तुमचा चौथा ट्रे कुणी मोजायचा?”

“तिघांत वाटून घ्या.”

पलीकडे कुजबुज झाली. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, आधी वेडावाकडा म्हणजे नक्की काय ते तरी तिघांनी ठरवू या.

“ए ताई,” गप्पीने फोन घेतला, “कार्यक्रम शनिवारी आहे. गोष्टीचं काय करायचं?”

“विहीर कुठवर आलीय?”

“गुडघाभर,” मामा लांबून ओरडले. “तीही तिरकी!”

“मग तेवढीच वाचा,” भाचीला खांद्यावर घेत ताई म्हणाली. “पाणी लागलं की कळवा.”