रिकाम्या खुर्चीचं माप

मी एक जुनी शिवणाची टेप आहे. अक्काच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं, त्या वर्षी नवरदेवाच्या सदऱ्यासाठी तिने मला विकत आणलं. अक्काचे पाय लहानपणीच गेले होते. चाकाच्या खुर्चीत बसून ती हातमशीन चालवायची आणि मी दिवसभर तिच्या गळ्यात.

मित्रांनो, पुढे तिने शिवणाच्या खोलीतच अपंगांसाठी मदतकेंद्र सुरू केलं. कुणाला खुर्ची हवी, कुणाला सोबतीण, कुणाचा अर्ज अडलेला. ती कचेऱ्यांत जाऊन मला लावून पायऱ्यांची उंची मोजायची. मला पाहिलं की साहेब लोक चहा मागवून विषय बदलायचे.

शेवटी केंद्राला सरकारी इमारतीत खोली मिळाली. दाराचं माप अक्कानेच कळवलं. ताबा घ्यायच्या दिवशी केंद्रात नेहमी येणारे घड्याळवाले काका आपल्या खुर्चीची चाकं हातांनी ढकलत पहिले आत गेले, आणि चौकटीला घासून त्यांची बोटं सोलून निघाली.

"घड्याळं मी दुरुस्त करतो," काका म्हणाले, "बोटं कोण करणार?"

अक्काने मला चौकटीवर ताणलं. दारासाठी तिने कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीचं माप घेतलं होतं. चाकं ढकलणारे हात राहूनच गेले होते.

ताबा द्यायला आलेला सरकारी इंजिनीअर म्हणाला, "माप तुमचंच आहे, बाई. ताब्याच्या कागदावर सही करा, नाहीतर खोली दुसऱ्या खात्याला जाईल."

"कर गं सही," काका पुटपुटले. "मी हातमोजे घालीन."

"चूक माझीच," अक्का म्हणाली. "पण सही नाही करणार. साहेब, जरा इकडे या. श्वास सोडा." तिने मला त्याच्या छातीभोवती धरलं. छत्तीस. "आता भरून घ्या." अडतीस.

"सदरा छत्तिसाचाच शिवला असता तर?"

त्याने भरलेला श्वास सोडला. मग म्हणाला, "दार रुंद करायचा अर्ज द्या. चूक कुणाची, ते नका लिहू."

"लिहिणार. नाहीतर पुढच्या इमारतीत कुणीतरी तेच करेल."

दार रुंद व्हायला सात महिने लागले. तोवर सगळे शिवणाच्या खोलीतच दाटीवाटीने बसले. दोघं-तिघं अक्कावर रुसलेही.

आता माझे आकडे पुसट झालेत. मी केंद्रातल्या खिळ्याला लटकून असते. मला कुणी वापरलं नाही तरी चालेल. पण मित्रांनो, कधी माप घ्याल, तेव्हा खुर्चीत माणूस बसलेला असू द्या, आणि त्याचे हात चाकांवर.

भावाच्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीच्या हिवाळ्यात अक्का वारली. घड्याळवाले काका तिच्यानंतर दोन वर्षांनी गेले.