खोडलेलं पद

आमच्या विद्यापीठात उपयोजित गणिताचा वेगळा विभाग आता उरलेला नाही. त्यातले काही जण इस्पितळात बसतात, काही हवामानवाल्यांकडे, काही नदीवाल्यांकडे. यापुढे गणित असंच दुसऱ्यांच्या घरी नांदणार, असं सगळे म्हणतात. मी जन्मभर दार लावून एकट्याने काम केलं. त्यांच्यासारखं दुसऱ्यांच्या टेबलाशी आपल्यालाही कुणी बोलवावं, ही इच्छा निवृत्तीनंतर जडली. बोलून दाखवायचा धीर नव्हता.

जूनमध्ये एमोकेने बोलावलं. ती नदीतल्या किड्यांचा अभ्यास करते. तीन वर्षं तिसा नदीच्या चिखलात वाढून एका संध्याकाळपुरतंच पाण्यावर उडणाऱ्या माश्या, ज्यांना आम्ही तिसाची फुलं म्हणतो, त्यांचं समीकरण मी मांडून नेलं. पडद्यावर फुलं वर्षागणिक प्रवाहाबरोबर खाली सरकली आणि संपली.

बंधाऱ्याचा इंजिनिअर काल्मान हसला. "बेनेदेक काका, तुमच्या हिशेबाने नदी कधीच रिकामी झाली. मग काल माझ्या माशाच्या रश्श्यात काय पडलं होतं?"

"गप रे," एमोके म्हणाली. "काका, इथलं एक पद खोडलंत?"

"फार लहान होतं. ते काढलं की समीकरण सुटतं." आम्ही गणितवाले असंच करतो.

"अहो, ते लहान पद म्हणजे माद्या! अंडी घालण्याआधी त्या प्रवाहाच्या उलट वर उडत जातात."

मी कागद गोळा करू लागलो. या वयात कशाला आलो इथे?

"निघालात कुठे?" तिने बाही धरली. "माद्या वर जातात हे आम्हाला ठाऊक होतं. त्या किती कमी वर गेल्या तर नदी रिकामी होईल, हे कुणालाच ठाऊक नाही. ते सांगा."

"आणि माझा बंधारा त्यांना कितपत अडवतो, तेही," काल्मान म्हणाला. तो आता हसत नव्हता.

पद परत घातलं. समीकरण हाताने सुटेना. संध्याकाळपर्यंत तिघंही भांडलो. याआधी कधी इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

"उत्तर आलं तरी ते पडताळायला यंदाच्या अंड्यांतल्या माश्या पाण्यावर यायला हव्यात," एमोके म्हणाली. "म्हणजे तीन उन्हाळे. तेव्हा मोजणीला कोण येणार?"

काल्मानने माझ्याकडे पाहून पटकन नजर वळवली.

"मी," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला.