हापशीचं मीठ

ज्योत्स्ना मॅडम अमरावतीहून रोज एसटीनं यायच्या आणि प्यायचं पाणी कॅन भरून घरून आणायच्या. तीन वर्षं झाली, पण गावच्या हापशीचा एक घोट काही त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

मार्चमध्ये त्यांनी चौथीला परिवर्तनीय बदल शिकवायला घेतला. पाण्यात विरघळलेलं मीठ, पाणी वाळलं की परत मिळतं. हे घोकायचं नाही, करून बघायचं. दोन पराती, एक रोहितची, एक पायलची; प्रत्येकीत दोन लिटर पाणी आणि सपाट चमचाभर मीठ. ज्याला टाकलं तेवढंच परत मिळेल, तो दर्यापूरच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार. पायलला काहीही करून जायचं होतं. रोहितनं परात भरताना मॅडमच्या कॅनमधलं पाणी संपवलं, तेव्हा पायलनं हापशीवरून पाणी आणलं. पराती शाळेच्या स्लॅबवर उन्हात ठेवल्या.

चार दिवसांनी खरवडलं. रोहितचं चमचाभर निघालं, पायलचं अडीच चमचे.

"वरून टाकलंस ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग मिठाला पिल्लं झाली का?"

वर्ग खिदळला. मॅडमनी पायलचं नाव खोडलं.

पायल रडली नाही, तापली. "मॅडम, आता नुसतं हापशीचं पाणी वाळवा, बिनमिठाचं. जिन्याले कुलूप लावा अन् चाबी तुमच्याजवळच ठेवा."

मॅडमनी तसंच केलं. चार दिवसांनी कुलूप उघडलं, तर परातीत पांढरा थर. मॅडमनी बोटानं चाखला अन् तोंड वाकडं केलं.

"हे पिता तुम्ही?"

"रोज. मायच्या पातेल्याले असाच थर बसते. तुमी एक दिवस पेलं असतं, तं तवाच समजलं असतं."

मॅडमनी पोरांसमोर स्वतःचे दोन्ही कान धरले. "चुकले गं बाई." पोरं हसून हसून एकमेकांवर पडली.

दर्यापुरात पायलनं तीन वाट्या मांडल्या: रोहितचं मीठ, तिचं मीठ आणि नुसत्या हापशीचं. हातात बाटलीबंद पाणी घेऊन प्रदर्शन तपासणारे साहेब आले.

"तिसरीत किती टाकलं होतं?"

"कायीच नाही, साहेब. आमी हेच पेतो. घ्या, चाखून पाहा." तिनं हापशीच्या पाण्याचा ग्लास पुढे केला.

साहेब आपल्या बाटलीकडे बघत राहिले. तेवढ्यात मॅडमनी तो ग्लास घेतला, घटाघटा संपवला आणि तोंड वाकडं न करता परत दिला.

पायलला हसू आवरेना. तिनं तो पुन्हा काठोकाठ भरला आणि साहेबांपुढे धरला.