गुलाबी दवा आणि माझं नवं काळीज

मी एक जुनी लँड रोव्हर आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, मित्रांनो, तो गैरसमज आधीच काढून टाका. हल्लीच्या गुळगुळीत गाड्यांना एक पोचा पडला की मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या अंगावर इतके पोचे आहेत की नवा कुठला आणि जुना कुठला हे मलाही सांगता यायचं नाही. लिहायला-वाचायला मी शिकले नाही. पाटीवर नंबर आहे, तेवढंच माझं अक्षर.

माझा जन्म विलायतेत झाला. चहाच्या मळ्यावरच्या एका गोऱ्या साहेबानं मला बोटीतून दार्जिलिंगला आणवलं. साहेब मायदेशी गेला, मी राहिले. दोन-तीन हात फिरून मानेभंजांगला बीर्खबहादुर मोक्तानच्या दारात आले, तेव्हा तो पंचविशीचा होता आणि त्याला मागे जाताना मागे बघायचं असतं एवढंही धड ठाऊक नव्हतं. मी त्याला शिकवलं. दोन वेळा खड्ड्यात घातलं, मग तो शिकला.

मानेभंजांगहून वर संदकफूपर्यंत जो रस्ता जातो त्याला रस्ता म्हणणं हा लोकांचा मोठेपणा. डोंगरानं वरून दगड ओतलेत आणि आम्ही त्यांवरून चढतो. त्या दगडांवरून मी तांदूळ नेला, बटाटे नेले, पत्रे नेले, एकदा रडणारी नवरी आणि तिच्याहून जास्त रडणारा नवरा नेला. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, दिवशी बीर्ख दही-तांदळाचा टिका आधी माझ्या बोनेटला लावायचा, मग पोरांच्या कपाळाला. पोरं रुसायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्याची एक शिस्त होती. वर थंडी अशी पडते की माझ्या पोटातलं पाणी रात्रीतून गोठतं, आणि बर्फ फुगला की जाड लोखंडसुद्धा फोडतो. म्हणून वर मुक्काम असला की संध्याकाळी नळ उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं आणि सकाळी चुलीवरचं कोमट पाणी भरायचं. हे काम बीर्खनं चाळीस हिवाळे दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. स्वतःच्या अंघोळीचं पाणी तो बायकोला तापवायला सांगायचा, माझं स्वतः तापवायचा.

पण माझं इंजिन थकलं. सुटे भाग मिळेनात. चढावर दम लागायचा, मधेच बंद पडायचं, आणि ज्यांना मी न्यायचं ती माणसं उतरून मला ढकलायची. एका आषाढात कालीपोखरीहून एका आजारी बाईला खाली आणत होते. गैरीबासच्या वळणावर मी थांबले ती थांबलेच. भर पावसात त्या बाईला दुसऱ्या गाडीत हलवलं. तिच्या नवऱ्यानं बीर्खला एक शब्दही सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

मग सिलिगुडीचे घोषालबाबू आले. त्यांचं मोठं हॉटेल आहे. त्यांना मी फाटकापाशी उभी करायला हवी होते. "इंजिन नसलं तरी चालेल," ते म्हणाले, "बोनेटच्या जागी आपण फुलझाडं लावू."

फुलझाडं. माझ्या पोटात.

बीर्ख 'नाही' म्हणाला नाही, हा मला बसलेला पहिला धक्का.

'नाही' म्हणाली ती त्याची धाकटी लेक, त्याची कांछी, अंजुला. दार्जिलिंगला टॅक्सी चालवायची, ती सोडून घरी आली होती. "आपा," ती बापाला म्हणाली, "हिला नवं इंजिन बसवू. सुखिया गावातल्या शेराप मिस्त्रीकडे एका अपघातातल्या नव्या गाडीचं डिझेल इंजिन आलंय."

"हिच्यात दुसऱ्याचं काळीज घालणार?"

"मग काय कुंडी करून ठेवू?"

बीर्खनं माझ्या बोनेटवरचा एक पोचा अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाला, "एक हिवाळा देतो, कांछी. एकदा जरी वाटेत थांबली आणि ओढून आणावी लागली, तर घोषालबाबूंना फोन करायचा."

आता मित्रांनो, पुढचं ऐकताना मन घट्ट करा. शेराप योल्मोनं तीन वाशांची तिकटी उभी केली, तिला कप्पी लावली आणि साखळीनं माझं इंजिन माझ्या देखत वर उचललं. साठ वर्षांहून जास्त जे माझ्या आत धडधडलं ते हवेत लोंबकळताना मी बघितलं. केवढंसं होतं. त्यातून काळं तेल थेंब थेंब गळत होतं. काळजात धस्स झालं म्हणावं, तर काळीज समोर टांगलेलं. बीर्ख पाठ फिरवून उभा होता आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचत होता, जसं काही त्यात तारखांपेक्षा जास्त काही लिहिलेलं होतं.

पुढचे बारा दिवस शेरापनं मला कापलं, जोडलं, कापलं. नवं इंजिन माझ्या जुन्या गिअरबॉक्सला बसेना, म्हणून मधे लोखंडाची जाड चकती घातली. रेडिएटर बदलला. डॅशबोर्डमागे वायरींचा एक झुबका आणि एक डबी बसवली. त्या डबीत म्हणे इंजिनाचा मेंदू असतो. मला वाटलं, आजवर मेंदू माझाच होता.

मग अंजुलानं चावी फिरवली. हँडल मारणं नाही, खोकणं नाही, एका झटक्यात सुरू. आवाज असा की मीच दचकले. हा आवाज माझा नव्हता. कुणी तरी माझ्या तोंडातून बोलत होतं.

शेरापनं अंजुलाला अर्धा दिवस बसवून सगळं समजावलं. अंजुलानं घरी येऊन बापाला एकाच वाक्यात समजावलं. "आपा, आता बोनेटला हात लावायचा नाही. हे वेगळं काम आहे."

बीर्ख "बरं" म्हणाला. त्या "बरं"चा आवाज कसा होता ते मला विचारा.

पहिल्यांदा चित्रे गावाचा चढ चढले तेव्हा पुन्हा धक्का बसला. ज्या वळणांवर मी तीन-तीन वेळा मागेपुढे होऊन धापा टाकायचे, तिथे मी न थांबता वर गेले. माझे स्प्रिंगचे पाटे करकरले, दरवाजे खडखडले, सगळी म्हातारी हाडं ओरडत होती, अगं सावकाश, आणि आतला तो परका पुढेच निघालेला. लाज वाटली. आणि खोटं बोलणार नाही, मजाही आली.

दीड महिना अंजुलाच न्यायची-आणायची. बीर्ख माझ्यात बसला नाही. मंसीर, म्हणजे मार्गशीर्ष महिन्यात एकदा वरच्या लॉजवाल्यांचं सामान जास्त झालं, चढवायला-उतरवायला माणूस हवा होता, म्हणून तो आला. बाजूच्या सीटवर बसला. चाळीस वर्षं तो उजवीकडे बसायचा. डावीकडचं दार कसं उघडतं हेही त्याला शोधावं लागलं.

पहिला मुक्काम कालीपोखरीला. अंजुला सामान मोजून द्यायला लॉजमध्ये गेली. ऊन उतरलं. बीर्ख माझ्याजवळ एकटा राहिला, आणि चाळीस हिवाळ्यांचे हात आपोआप कामाला लागले. तो खाली वाकला, रेडिएटरच्या कोपऱ्यात नळ शोधला. प्लास्टिकची चावी होती, खेळण्यातल्यासारखी. त्यानं ती फिरवली.

गुलाबी पाणी आलं.

बीर्ख दोन पावलं मागे सरला. "गंज," तो पुटपुटला. "शेरापनं आतून धुतलंसुद्धा नाही. कामचोर." सगळं वाहून जाऊ दिलं आणि लॉजचा कुत्रा हुंगायला आला तसं पायानं त्यावर माती लोटली. हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं ना. सकाळी अंजुला उठायच्या आत त्यानं चुलीवरचं कोमट पाणी आणून मला भरलं. माझ्या अंगावर हात फिरवला. किती दिवसांनी.

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. ते गंजाचं पाणी नव्हतं. आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संदकफूला पोचलो. तिथे संध्याकाळी आम्ही सगळ्या लँड रोव्हर एका ओळीत उभ्या असतो. सगळ्यांचे नळ एकदमच उघडतात. सात-आठ म्हाताऱ्या एका रांगेत मोकळ्या होतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही, अशी आमच्यातली रीत. त्या दिवशी मी तेवढी भरल्या पोटानं उभी.

निमा नावाचा ड्रायव्हर, ज्याला अंजुला दाजू म्हणजे दादा म्हणते, तिला म्हणाला, "काय गं, तुझी म्हातारी आज लाजते का?"

"तिला गरज नाही, निमादाजू. आत पाणी नाहीच मुळी. शेरापनं गुलाबी दवा घातलीय. बर्फात पुरली तरी गोठत नाही."

"गुलाबी?" बीर्खनं विचारलं.

"हो आपा. सरबतासारखी." आणि ती चहा प्यायला आत गेली.

बीर्खच्या गालात छुर्पी होती, वाळवलेल्या चीजचा तो दगडासारखा तुकडा. चघळणं थांबलं.

त्याला कळलं. आता मी त्याच्याकडे बघत होते. गप्प राहिला असता तर सकाळी इंजिन फुटलेलं, पोरीची मान खाली आणि सगळ्या ड्रायव्हरांपुढे त्याचाच शब्द खरा. 'मी म्हणालो होतो.' हे तीन शब्द म्हाताऱ्या माणसाला तूपभातापेक्षा गोड लागतात, मी पाहिलंय. पोरीचा हिवाळा एका रात्रीत संपणार होता. आणि मी घोषालबाबूंच्या फाटकापाशी, पोटात माती घेऊन.

त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली. मडगार्डवर हात ठेवला, काढून घेतला. दुसरी फेरी मारली. समोर कांचनजंगा तांबूस झाली, पांढरी झाली, मग राखेसारखी झाली. बाकीचे ड्रायव्हर चुलीकडे निघून गेले. मला वाटलं, संपलं.

"कांछी," त्यानं हाक मारली. "इकडे ये."

"चहा गार होतोय आपा."

"होऊ दे. तुझी ती दवा काल मी कालीपोखरीला सांडली."

"काय?"

"मला वाटलं गंज. वर माती लोटली. सकाळी चुलीवरचं पाणी भरलं."

अंजुला चहा टाकून माझ्याकडे धावली. "म्हणजे आत साधं पाणी आहे?"

"साधंच. धुराचा वास येईल, चाखून बघ."

"आणि दिवसभर बोलला नाहीत."

"हात लावू नको म्हणालीस. हात लावला हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग आता का सांगताय?"

बीर्खनं मफलर आवळला. "थंडी वाढतेय," तो म्हणाला.

त्यानं प्लास्टिकची चावी फिरवली. पाणी आलं आणि लवकरच थांबलं. "पूर्वी चार डबे निघायचे, हे तर दोनही नाही," तो म्हणाला. "बाकीचं इंजिनाच्या पोटात आहे. त्याचा नळ कुठंय?"

अंजुलाला ठाऊक नव्हतं. पाणी कधी सोडावंच लागणार नाही, म्हणून तिनं ते विचारलंच नव्हतं. फोनला तिथे फक्त एका दगडावर चढलं की आवाज येतो, माझ्यापासून साठ पावलांवर. ती धावत गेली. बीर्ख कांबळं टाकून माझ्याखाली आडवा झाला.

"शेराप विचारतोय," ती दगडावरून ओरडली, "कुठल्या गाढवानं दवा काढली?"

"सांग, मोक्तान गाढवानं."

तिनं फोन पुन्हा कानाला लावला. "तो म्हणतोय, माफ करा दाजू."

"माफी सकाळी माग म्हणावं. नळ सांग."

"नळ नाही, बोल्ट आहे. धुराच्या नळीच्या मागे. दिसणार नाही, हाताला लागेल. चौदाचा पाना. अर्धी दवा आत उरली असेल, पण अर्धीनं इथे निभणार नाही म्हणतोय."

बीर्खची बोटं आत शिरली. त्या परक्या इंजिनाला तो पहिल्यांदा शिवत होता. आंधळ्यानं नातवंडाचं तोंड चाचपावं तसा चाचपत होता. हे काय, हे काय, हे नाही. जमिनीवर सांडलेल्या पाण्यावर एव्हाना बर्फाची पातळ साय धरली होती.

"लागला," तो म्हणाला. "हलत नाही."

"जोर करू नका म्हणतोय. आधी थोडा आवळा, मग सोडा."

बीर्खनं तसं केलं. पाना सरकला आणि पाणी भसकन त्याच्या बाहीत शिरलं. फिकं गुलाबी. तो कोपरापर्यंत भिजला, दात वाजत होते, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यानं हात काढला नाही. मित्रांनो, तेव्हा मला त्या नव्या इंजिनाची पहिल्यांदा कणव आली. बिचारं रिकामं, गारठलेलं, आणि माझ्या भरवशावर. तेव्हापासून ते माझं आहे.

अंजुला परत आली. बापाची ओली बाही तिनं स्वतःच्या ओढणीत गुंडाळली. ती रागावली होती, पण कुणावर ते तिला ठरवता येत नव्हतं. "मला शेरापनं अर्धा दिवस शिकवलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला एक वाक्य दिलं."

सकाळी चुलीवरचं पाणी तिनं आणलं आणि डबा बापाच्या हातात दिला. चावी फिरली, इंजिन पहिल्याच झटक्यात बोललं. आम्ही मानेभंजांगपर्यंत कुठे न थांबता उतरलो, आणि वाटेत अंजुला एकेक वायर सांगत होती आणि बीर्ख प्रत्येकीला नाव ठेवत होता.

माघे संक्रांतीला, म्हणजे मकरसंक्रांतीला, घोषालबाबू माप घ्यायची पट्टी घेऊन आले. "ऐकलं, वर काहीतरी घोटाळा झाला," ते म्हणाले.

"गाडी थांबली नाही बाबू," बीर्ख म्हणाला. "मीच तिला थांबवणार होतो. बसा, उकडलेले कंद खा, आणि पट्टी घेऊन जा."

तर मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं काही जोडाल तेव्हा ती आजवर ज्यानं सांभाळली त्याला शेजारी बसवा आणि सगळं दाखवा. 'हात लावू नका' म्हणून मोकळे होऊ नका. आणि माया करणाऱ्यांनो, माया करायच्या आधी विचारा, चुकलात तर अंधार पडायच्या आत सांगून टाका. मी सगळं बघत होते आणि काही करू शकत नव्हते. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.