काकूंनी घासलेली डबी

ओळखलंत का? मी चांदीची तपकिरीची डबी बोलतेय. मुठीत मावेन एवढीशी, पण वयाने तुमच्या खापरपणजोबांपेक्षा थोरली!

माझा जन्म एका इंग्रज कारागिराच्या हातचा. त्याने माझी बिजागरी अशी बसवली, की झाकण लावल्यावर सांध्यात नखही शिरत नाही. मग बुडाला चार चिमुकले शिक्के मारले: त्याचं नाव, गाव, साल आणि चांदीचा कस. हीच माझी ओळख.

पुढे तपकीर ओढणारे गेले. मी हिंडत हिंडत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या कपाटात आले. तिथे माझ्यासारख्या चाळीस जणी! काका रोज भिंग लावून आमचे शिक्के वाचत. माझ्यावर त्यांचा अंमळ जास्तच जीव. आत मात्र कुणाला काही ठेवू देत नसत. काकू करवादत, "घरात सुया ठेवायला डबी नाही, आणि यांच्या चाळीस रिकाम्या!"

मग काकांना मोतीबिंदू झाला. शिक्के दिसेनात, तसे ते गप्प गप्प राहू लागले. ते ऑपरेशनला दवाखान्यात गेले आणि काकूंनी मला हातात घेतलं. "ते आल्या आल्या त्यांना लख्ख दिसायला हवीस," म्हणत दोन दिवस पावडरीने घासघास घासलं. अगं आई गं!

काका घरी आले. भिंग लावून त्यांनी मला उलटं केलं. "अगं, शिक्के कुठे गेले?"

काकूंचा चेहरा पडला. "मला वाटलं, मळच बसलाय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो..." त्यांनी पदराने डोळे टिपले.

माझ्यासारख्या बिननावाच्या डबीला आता कोण ठेवून घेणार?

काकांनी माझं झाकण उघडून मिटलं. टक्! पुन्हा उघडून मिटलं. टक्!

"असा आवाज दुसऱ्या एकीचाही नाही," ते म्हणाले. "रडतेस कशाला? आण तुझ्या सुया."

आता मी खिडकीपाशी, काकूंच्या शिवणाच्या सामानात असते. शिक्के गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? चांदी घासताना हात हलका ठेवा, एवढंच मागणं.

परवा काकांच्या शर्टाचं बटण तुटलं. काकूंनी मला उघडलं.

"जपून हं, माझी डबी आहे ती!" काका आतून ओरडले.

"तुमची कुठली? माझी!" म्हणत काकूंनी झाकण लावलं.

टक्!